लाल तारेचा तुकडा: कूलरच्या एका घरगुती दुरुस्तीचं प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं, गेल्या उन्हाळ्यातलं. त्या घरातल्या सगळ्यांना विचारूनच लिहितो आहे. गावाचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे. ज्याच्या हातून हे घडलं त्याला मी दादा म्हणतो, इथंही तेच ठेवतो. मी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केला आहे आणि आसपासच्या सात-आठ गावांत वायरिंगची कामं करतो. या प्रकरणात माझाही एक वाटा आहे, तो पुढे येईल.

पार्श्वभूमी

दादाचं वय पन्नासच्या आसपास. सात एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. घरात बायको, कॉलेजातला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माय. दादाच्या हातात कला आहे हे आधी सांगितलं पाहिजे. फवारणीचा पंप तो डोळे मिटून खोलतो. मोटरच्या स्टार्टरचे पॉइंट घासणं, सायकलचं चाक आउट काढणं, मिक्सरचा कपलर बदलणं ही सगळी कामं तो करतो आणि नीट करतो. शेजारपाजारचं काही बिघडलं की लोक आधी त्याच्याकडे येतात. तो पैसे घेत नाही.

आमच्याकडे याला पर्यायही नसतो. तालुक्याचं गाव बावीस किलोमीटर. एक कूलर ऑटोत टाकून न्यायचा-आणायचा म्हटलं तर दिवस जातो, आणि भाड्याच्या पैशात नवा पंप येतो. त्यामुळे “घरी दुरुस्ती करू नका” हा सल्ला मी कुणाला देत नाही. तो देणाऱ्याने आमच्या गावात एक उन्हाळा काढलेला नसतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादाने माळ्यावरून कूलर उतरवला. पत्र्याचा, लोखंडी स्टँडवरचा, खिडकीच्या बाहेर अंगणात बसणारा. ताट्यांमधलं गवत काळं पडलं होतं, ते बदललं. पंप जाम होता, नवा आणला. पंखा उठत नव्हता, त्याचा कंडेन्सर बदलला. सगळं प्लग काढून ठेवून केलं, तारांना नीट टेप मारली. इथपर्यंतच्या कामात मी आजही एक चूक काढू शकत नाही.

अडचण

चार दिवसांनी वहिनींनी टाकीत पाणी भरताना हात झटकला. ओला हात पत्र्याला लागला की मुंग्या येत होत्या. दादाने टेस्टर लावला, दिवा मंद लागला. प्लगमधल्या दोन तारांची अदलाबदल करून बघितली, मुंग्या कमी झाल्या पण गेल्या नाहीत.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. पंप पाण्यात असतो. मोटरच्या गुंडाळीत ओल शिरली की थोडा करंट पत्र्यावर गळतो. कूलरला अर्थिंग, म्हणजे पत्र्यापासून जमिनीत गेलेली तार, असेल तर तो तिकडून जमिनीत निघून जातो आणि माणसाला कळतही नाही. दादाच्या घरात तीन पिनचं सॉकेट होतं, पण त्याच्या वरच्या मोठ्या भोकामागे तार नव्हती. घर बांधलं तेव्हा अर्थिंगची एक जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार न्हाणीजवळ जमिनीत गेली होती, ती कधीच सडून तुटली होती, आणि ज्याने नंतर हा बोर्ड बसवला त्याने अर्थची तार ओढलीच नव्हती. म्हणजे बिघाड दोन होते. एक कूलरमधली गळती, दुसरा घराला अर्थिंग नसणं. दादाला पहिला जाणवला. दुसरा जाणवायला त्याच्याजवळ साधनच नव्हतं. टेस्टर एवढंच सांगतो की इथं फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत बाजू, आहे. अर्थिंग चांगलं आहे की तुटलेलं, हे टेस्टरला कळत नाही.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी दादाने काय काय विचार केला हे मी नंतर त्याच्याकडून नीट ऐकून घेतलं, कारण मला तेच समजून घ्यायचं होतं.

कूलर बंद ठेवणं हा एक पर्याय. पण वर टीन, बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि खिडकीशी मायची खाट. तिला आदल्या वर्षी उन्हाचा त्रास होऊन सलाइन लागलं होतं. हा पर्याय त्याने एका रात्रीपुरताही धरला नाही आणि मी त्याला दोष देत नाही. एका रात्रीचा प्रश्न असता तर ओल्या चादरी लावून भागलं असतं, पण कूलर किती दिवस बंद राहील हे कोण सांगणार?

नवा पंप परत करून दुसरा आणणं हा दुसरा. दुकानदार म्हणाला, “पंप चालू आहे ना, मग परत कसा घेऊ?” इथं तो थांबला.

तिसरा पर्याय मी. त्याने मला फोन केला. “कूलरले हात लावला का झिणझिण लागते. येतं का तू?” मी एका शाळेच्या वायरिंगमध्ये अडकलो होतो. म्हणालो, “चार दिवस दे दादा, येतोच.” कूलरचा प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका, एवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

चौथा पर्याय त्याला मुलाच्या मोबाइलवर एका व्हिडिओत दिसला. सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, पेचापासून अर्थच्या पेचापर्यंत तारेचा छोटा तुकडा जोडायचा. गळणारा करंट न्यूट्रलमधून परत जातो. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

काय केलं

त्याने मेन बंद केला, बोर्ड खोलला, दोन इंच लाल तार छिलून व्यवस्थित वाकवून दोन्ही पेचांत कसली. पेच सैल राहू नये म्हणून तार दुमडून घातली होती. काम म्हणून बघितलं तर देखणं होतं.

मुंग्या थांबल्या. टेस्टर लावला, दिवा लागला नाही.

पाचव्या दिवशी मी फोन केला. “येऊ का?” तो म्हणाला, “राहू दे. मीच केलं. आता बिलकुल लागत नायी.” मी बरं म्हणालो. “कसं केलं?” हा प्रश्न मी विचारला नाही. दोन शब्दांचा प्रश्न होता. उत्तर ऐकून मी त्याच रात्री गाडी काढली असती.

हा लाल तुकडा का इतका वाईट, ते इथं सविस्तर सांगावं लागेल, कारण तो आमच्या भागात अनेक बोर्डांत सापडतो. न्यूट्रलची तार शांत असते ती केवळ डीपीपर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) तिची वाट अखंड असते आणि खांबावर ती तिच्या जागी जोडलेली असते म्हणून. ती वाट मध्ये कुठं तुटली, तर घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून फेज येऊन त्याच न्यूट्रलवर बसतो आणि लाल तुकड्यातून थेट कूलरच्या पत्र्यावर उतरतो. आणि खांबावर फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर पत्रा सरळ 230 व्होल्टला जोडला जातो. तेव्हा मुंग्या येत नाहीत, माणूस चिकटतो. मुंग्यांचा करंट एक मिलिअँपियरच्या, म्हणजे अँपियरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असतो. दहाच्या पुढे मूठ सोडवत नाही, तीसच्या पुढे जिवावर बेतायला लागतं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर 230 व्होल्टला दोनशेच्या वर मिलिअँपियर जातात. एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, मात्र पूर्ण अँपियरची वाट बघत बसतो. तो तारेला जळण्यापासून वाचवायला असतो, माणसासाठी नसतो.

दादाच्या आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांत आणि या एका दुरुस्तीत मला जो फरक दिसतो तो इथं आहे. मिक्सरचा कपलर चुकला तर मिक्सर खडखडतो. पंपाचा वायसर उलटा बसला तर पाणी गळतं. चूक समोर येते, माणूस पुन्हा खोलतो, शिकतो. दादा असाच शिकला. या तुकड्याने मात्र चूक असूनही त्याला बरोबर असल्याची खूण दिली. त्याचा हात कमी पडला असं नाही. त्याची नेहमीची पारखच तिथं चालत नव्हती, आणि ती चालत नाही हे कळण्याची सोयही नव्हती.

वादळानंतरची रात्र

मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा लागला त्याच सुमारास, दुपारी वावटळ उठून वादळ आलं. कडुलिंबाची फांदी पडून घराकडे येणारी सर्व्हिसची तार तुटली. रात्री नऊच्या सुमारास गावातल्याच एकाने खांबावर चढून ती जोडून दिली. अंधारात, घाईत फेजच्या जागी न्यूट्रल गेला.

पंखा फिरला, दिवे लागले, कूलर सुरू झाला. या यंत्रांना अदलाबदलीचा फरक पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. एकच खूण होती. मीटरवरचा लाल दिवा सकाळी नेहमीपेक्षा भराभर टिकटिकत होता. कूलरचा स्टँड ओल्या जमिनीत रुतलेला, त्यातून करंट रात्रभर जमिनीत जात होता. मुलाने तो दिवा बघितला होता, पण त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नव्हता.

त्या रात्री माय खिडकीशीच झोपली होती. कूलर आणि खिडकीच्या गजांमधली फट दादाने हवा जाऊ नये म्हणून पोत्याने बुजवली होती. पत्रा गजांना टेकलेला नव्हता. मी हे मोजून बघितलं. दोन बोटांचं अंतर होतं.

सकाळी सातला अंगणात बांधलेली बकरी कूलरखाली साचलेल्या पाण्याकडे गेली आणि स्टँडला तोंड लागताच पडली. वहिनी धावल्या, तिला ओढायला हात लावला आणि मागे फेकल्या गेल्या. दादा आतून ओरडत आला, त्याने आधी बोर्डावरचं कूलरचं बटन बंद केलं, मग बाहेर जाऊन कूलरला हात घातला.

बटन बंद होतं आणि पत्रा जिवंत होता. बटन ज्या तारेवर होतं तिच्यात आता न्यूट्रल होता. फेज दुसऱ्या तारेने, बटनाला वळसा घालून, लाल तुकड्यातून येत होता.

दादाच्या पायात रबरी चप्पल होती आणि हात उलटा लागला, पंजा मिटून पकड बसली नाही. तो फेकला गेला. मुलाने मेन पाडला. मेन दोन्ही तारा तोडणारा होता म्हणून उपयोग झाला. फक्त फेजवर फ्यूज असता तर तो काढूनही पत्रा तसाच राहिला असता.

परिणाम

दादाच्या दोन बोटांवर भाजल्याच्या खुणा आहेत. वहिनींना खांद्याला मुका मार लागला. दोघांना ग्रामीण रुग्णालयात नेलं, ईसीजी काढला, दादाला एक दिवस ठेवून घेतलं. विजेच्या धक्क्यानंतर वरून काही दिसत नसलं तरी हृदयाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि आमच्याकडे बहुतेक जण “बरं वाटतंय” म्हणून ती टाळतात. वहिनींनी टाळू दिली नाही. बकरी गेली. गाभण होती, मायच्या हातची होती.

मी दुपारी पोचलो. बोर्ड खोलला तेव्हा दादा रुग्णालयातच होता. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर त्याने पहिलं वाक्य हेच म्हटलं, “बटन तं बंद केलं होतं मी.” मी त्याला कागदावर दोन तारा काढून दाखवल्या. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

खांबावरची जोडणी 1912 या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून वीज कर्मचाऱ्यांकडून सरळ करून घेतली. न्हाणीच्या मागे, जिथं वर्षभर पाणी मुरतं तिथं, पायापासून दीड मीटर सोडून खड्डा घेतला आणि अडीच मीटरचा जीआय पाइप कोळसा-मिठात बसवला. जागा मुद्दाम अशी निवडली. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणजे ज्या महिन्यांत घरोघरी कूलर चालतात, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. तिथं पाणी टाकत राहावं लागतं. आयटीआयमधल्या माझ्या सरांकडून अर्थ टेस्टर मागून आणला आणि मोजलं, सहा ओहम आला.

तरी नुसतं अर्थिंग पुरत नाही. समजा रोध वीस ओहमवर गेला. 230 ला वीसने भागलं की साडेअकरा अँपियर येतात. सोळाचा एमसीबी त्यावर पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. म्हणून तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवला. दोन हजारांच्या आत आला. दादा पैशाला नाही म्हणाला नाही, फक्त विचारलं, “हे आधी कोणी सांगितलं कावून नायी?” मी उत्तर दिलं नाही.

आरसीसीबी चालू केला. पंखा लागला, ठीक. फ्रिज सुरू झाला की तो पडायचा. तीनदा झालं. मी फ्रिजचा बोर्ड खोलायला निघालो तेव्हा दादा म्हणाला, “तेथंबी टाकला हाये तुकडा.”

कुठं वेगळं वागता आलं असतं

मुंग्या आल्या त्या संध्याकाळी दादाला कूलर पूर्ण बंद न ठेवताही धोका कमी करता आला असता. पंपाची तार सोडवून नुसता पंखा चालवायचा आणि ताट्यांवर प्लग काढून हाताने तांब्याने पाणी मारायचं. गारवा निम्मा मिळतो, चार दिवस निघतात. अंगणाकडून कूलरला दोन बाभळीच्या काट्या लावल्या असत्या तर लेकरू-जनावर जवळ गेलं नसतं. हे मी फोनवर सांगायला हवं होतं. “चार दिवस थांब” असं सांगताना ते चार दिवस माणसाने कसे काढायचे, हेही सांगणं माझं काम होतं. ते न सांगितल्यामुळे त्याच्यापुढे थांबण्याचा पर्याय उरलाच नाही.

प्लग काढून कूलरमध्ये जे करता येतं ते दादाने करत राहावं, असं माझं आजही मत आहे. ताट्या, पंप, कंडेन्सर, पंख्याचं तेलपाणी. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्यात उरलेली वीज निघून जावी म्हणून त्याची दोन्ही टोकं लाकडी मुठीच्या पेचकसाने एकमेकांना टेकवायची, हे त्याला माहीत होतं. पण बोर्डाच्या आत, आणि विशेषतः अर्थच्या पेचाला, त्याने हात लावायला नको होता. तिथं काम बरोबर झालं की नाही हे मोजणारं यंत्र लागतं आणि ते त्याच्याकडे नाही. माझ्याकडेही स्वतःचं नव्हतं. या प्रकरणानंतर मी घेतलं.

तार जोडणाऱ्या पोरावर गावात राग निघाला. खांबावर चढण्याचा त्याला अधिकार नव्हता, हे खरं. पण घराला अर्थिंग आणि आरसीसीबी असते आणि लाल तुकडा नसता, तर त्या अदलाबदलीने ती बकरी मेली नसती. आणि जोडणी झाल्यावर कूलरच्या पत्र्याला एकदा टेस्टर लावला असता तर दिवा लख्ख लागला असता. दादा टेस्टर खिशात घेऊन फिरतो. त्या रात्री लावायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण कूलर “दुरुस्त” झालेला होता. मुंग्या थांबल्यावर माणूस तपासणं थांबवतो, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात अवघड वळण वाटतं.

मुलाला मी मीटरचा दिवा दाखवला. सगळं बंद करून तो टिकटिकत असेल तर कुठंतरी करंट जातो आहे. आता तो महिन्याला एकदा तो दिवा बघतो आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटन दाबतो.

उरलेलं काम

फ्रिजच्या बोर्डातला तुकडा काढून मी सामान आवरत होतो. दादा दारात उभा होता. म्हणाला, “अजून दोन हायेत.” मला वाटलं याच घरात. तो म्हणाला, “शेजारी. त्यायचेबी कूलर झिणझिण करत होते. मीच टाकून देल्ले.”

आम्ही तसेच निघालो. पहिल्या घरी त्याने स्वतः सगळं सांगितलं, आपल्या हाताची बोटं दाखवली, आणि माझ्यासमोर मेन पाडून तो तुकडा स्वतःच काढला. त्या घरच्या आजीने विचारलं, “मंग आता झिणझिण लागन का?” तो म्हणाला, “लागन, काकू. अर्थिंग होईस्तोर प्लग काढूनच पाणी भरा.”

दुसऱ्या घराला कुलूप होतं. माणसं लग्नाला गेली होती आणि कूलर अंगणात, पोरं येता-जाता पाय देतात अशा जागी. मी पत्र्याला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. म्हटलं, आज धोका नाही, सकाळी येऊ. दादा ऐकेना. त्याने बांधावरून बाभळीच्या काट्या आणून कूलरभोवती टाकल्या, घरमालकाला फोन लावून सगळं सांगितलं आणि ओट्यावर बसला. मी जेवायला बोलावलं, तो आला नाही. रात्री साडेदहाला त्यांची गाडी आली तेव्हा तो तिथंच बसलेला होता, खिशात टेस्टर आणि पेचकस.